तारीख मोकळी आहे का?

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रातल्या लग्नाच्या फोटोग्राफरचा फोन थांबत नाही. “अठ्ठावीस तारीख मोकळी आहे का?” “हळद आणि लग्न धरून केवढ्याला?” “ड्रोन वेगळा लावता का?” हे प्रश्न येतात तेव्हा तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात, अंतरपाटाच्या कडेला कॅमेरा डोळ्याला लावून उभा असतो. उत्तर रात्री अकराला जातं, कधी दुसऱ्या दिवशी जातं आणि कधी राहूनच जातं. यावर उपाय सुचवला, की चौकशीचं पहिलं उत्तर, कोटेशन, ॲडव्हान्सची पावती, आठवण करून देणारे निरोप अशी ठरावीक कामं सॉफ्टवेअरवर सोपवा, तर हमखास एक वाक्य ऐकू येतं: “आपला धंदा माणसांचा आहे. मशीननं निरोप पाठवायला सुरुवात केली की आपुलकी संपली.”

फोटोग्राफर संघटनांच्या बैठकांत हे वाक्य निघतं, अल्बम छापणाऱ्या लॅबच्या काउंटरवर निघतं, नव्या मुलांच्या कार्यशाळेतही निघतं. बोलणारे मनापासून बोलतात. गावातली तीन-तीन लग्नं एकाच घराण्यातून मिळवलेली ही माणसं आहेत, त्यांना नात्याची किंमत माहीत आहे. पण त्यातून ते काढतात तो निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि त्याचा फटका त्यांनाच बसतो, म्हणून तो नीट तपासायला हवा.

एका लग्नाच्या ऑर्डरमध्ये कॅमेऱ्याला हात न लावता करायची कामं किती, ते आधी पाहू. चौकशीला उत्तर द्यायचं, कोटेशन पाठवायचं, करारावर सही घ्यायची, ॲडव्हान्स घेऊन पावती द्यायची. मग कार्यक्रमाचा तपशील मागवायचा: हळद किती वाजता, मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं, वरातीला ढोलताशा आहे का. दुसऱ्या हप्त्याची आठवण करायची, आदल्या दिवशी टीमला पत्ता आणि वेळ कळवायची. लग्न झाल्यावर टीझर, फोटोंची लिंक, अल्बमसाठी सिलेक्शनची आठवण, डिझाइनची मंजुरी, शेवटचा हप्ता आणि डिलिव्हरी. एका ऑर्डरमागे डझनभर निरोप सहज होतात. वर्षाला तीस लग्नं करणाऱ्याचे साडेतीनशेच्या वर झाले, आणि यात नुसत्या विचारपूस करून गेलेल्यांना दिलेली उत्तरं धरलेलीच नाहीत.

आता या यादीत आपुलकीची जागा शोधावी. ‘२५,००० रुपये मिळाले’ या पावतीत ती नसते. ‘सिलेक्शनसाठी ही लिंक’ या ओळीतही नसते. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली बसवायचं नाही हे फोटोग्राफरच्या ध्यानात राहतं, तिथे ती असते. मुलीचे वडील आदल्या रात्री विनाकारण फोन करतात, त्यांचं पाच मिनिटं ऐकून घेण्यात असते. कन्यादानाच्या वेळी आईच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती जवळ न्यायचा आणि कुठे थांबायचं, या निर्णयात असते. आणि नेमकी हीच कामं करायला त्याच्याकडे जीव उरत नाही, कारण रात्री बारापर्यंत तो त्याच त्या मजकुराचे निरोप अंगठ्यानं टाइप करत बसलेला असतो.

उशिराच्या उत्तराची किंमत किती, यावर मोजमाप झालेलं आहे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च २०११ च्या अंकात जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांची पाहणी मांडली होती. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला एका तासात उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के निघाल्या, २३ टक्क्यांनी उत्तर दिलंच नाही आणि महिन्याभरात उत्तर देणाऱ्यांचा सरासरी वेळ ४२ तास होता. त्याच लेखातल्या दुसऱ्या अभ्यासात, तासाभरात संपर्क साधणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणं होण्याची शक्यता, एक तास उशीर करणाऱ्यांपेक्षाही जवळजवळ सातपट दिसली. हा अभ्यास लग्नाच्या फोटोग्राफीचा नाही, देशही वेगळा आहे; सातपटीचा आकडा जसाच्या तसा सांगली-साताऱ्याला लावू नये. पण दिशा ओळखीची आहे. ज्या घराला कार्यालयाची तारीख मिळाली आहे, ते संध्याकाळी चार फोटोग्राफरना एकच निरोप पाठवतं. ज्याचं उत्तर आधी येतं, त्याच्याशी बोलणं सुरू होतं. बाकीच्या तिघांना आपण आपुलकीत कमी पडलो असं वाटत राहतं, प्रत्यक्षात ते वेळेत कमी पडलेले असतात.

सिलेक्शनचं दुखणं याहून जुनं. दोन-अडीच हजार फोटोंची लिंक जोडप्याला मिळते, त्यातले दीडशे निवडायचे असतात. दोघं नोकरीत, निवड मागे पडते. फोटोग्राफरला वाटतं, सारखं विचारणं बरं दिसत नाही. पाच-सहा महिने जातात आणि मग सासूबाई चारचौघांत म्हणतात, “अजून अल्बम दिला नाही त्यानं.” चूक कुणाचीच नसते आणि नाव मात्र स्टुडिओचं खराब होतं. दहाव्या दिवशी एक, पंचविसाव्या दिवशी एक, असे दोन साधे निरोप आपोआप गेले असते तर ही वेळ आली नसती. शेवटच्या हप्त्याचंही तेच. पैसे मागायचा संकोच हा मराठी व्यावसायिकाचा खरा अडसर आहे. तारखा करारातच ठरलेल्या असतील आणि आठवण ठरल्या दिवशी आपोआप जात असेल, तर मागण्याचा प्रसंगच उरत नाही. घेणाऱ्यालाही अवघडलेपण नाही आणि देणाऱ्यालाही.

मग या आक्षेपात काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते सॉफ्टवेअरमध्ये नसून मजकुरात आहे. परदेशी टूलमधला तयार इंग्रजी मजकूर कुणीही न वाचता वापरतो, आणि मग मुलीच्या साठीतल्या वडिलांना ‘हाय रमेश’ असा निरोप जातो. हा अपमान यंत्रानं केलेला नाही. चौकशीच्या फॉर्ममध्ये नावाच्या शेजारी संबोधनाचा एक रकाना ठेवला, काका, ताई, दादा, सर यांपैकी जे योग्य ते पहिल्या फोननंतर स्वतः भरलं, की प्रत्येक निरोप ‘नमस्कार काका’ असाच सुरू होतो. मजकूर एकदाच लिहायचा आहे, तर तो आपल्या बोलीत, आपण फोनवर बोलतो तसा लिहावा.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. ठरलेलं लग्न मोडतं. घरात मृत्यू होतो आणि तारीख पुढे जाते. अशा घरी ‘आता फक्त सात दिवस उरले!’ असा निरोप गेला, तर कितीही माफी मागितली तरी ते नातं सांधत नाही. म्हणून कुठलीही निरोपांची साखळी सुरू करण्याआधी तिला थांबवायचं बटण कुठे आहे, हे स्टुडिओतल्या प्रत्येकाला माहीत हवं. तक्रार, दुःख, भावाची घासाघीस आणि तारीख बदलणं या चार गोष्टी माणसानं फोन उचलूनच बोलायच्या. इथे स्वयंचलित उत्तर नकोच.

बाकीचे गैरसमज लवकर निकालात निघतात. ‘हे मोठ्या स्टुडिओंचं काम, महागडं सॉफ्टवेअर लागतं.’ नाही. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून मोफत उपलब्ध आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस संवाद नसलेल्याला, त्यातून आपोआप स्वागताचा निरोप जातो. कामाच्या वेळेबाहेर वेगळा निरोप ठेवता येतो. ५० पर्यंत तयार उत्तरं साठवता येतात. ‘चौकशी’, ‘ॲडव्हान्स आला’, ‘सिलेक्शन बाकी’ अशी लेबलं लावता येतात. गूगल फॉर्म भरला की माहिती शीटमध्ये जाते आणि ॲप्स स्क्रिप्ट वापरून त्यावरून ईमेल पाठवता येतो. साध्या खात्याला दिवसाला शंभर जणांची मर्यादा आहे, जी एकट्या फोटोग्राफरला सहज पुरते. हनीबुक किंवा स्टुडिओ निंजासारखी खास टूल्स विकत घेण्याआधी त्यांची पैसे स्वीकारण्याची सोय भारतात चालते का आणि यूपीआय जोडता येतं का, एवढं तपासावं.

‘मग सगळ्यांना एकदम मेसेज टाकणारं ॲप घेऊ.’ हे मात्र करू नये. अनधिकृत ॲपमधून घाऊक निरोप पाठवणं व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाही आणि नंबर बंद होतो. दहा वर्षं व्हिजिटिंग कार्डावर छापलेला नंबर असा घालवणं परवडणारं नाही.

‘ऑनलाइन सही केलेल्या कराराला अर्थ नसतो.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला एवढ्या कारणानं करार अमान्य ठरत नाही.

करारावरून आणखी एक गैरसमज काढायलाच हवा, कारण तो अनुभवी फोटोग्राफरही छातीठोकपणे सांगतात: “फोटो मी काढले, म्हणजे कॉपीराइट माझा.” भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७(बी) वाचावं. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा किंवा केलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर पहिला हक्क ग्राहकाचा. स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर नवरीचा फोटो टाकायचा, तर त्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. आठवणीवर चालणाऱ्या धंद्यात ही परवानगी घ्यायची राहून जाते. तारीख पक्की होताच प्रत्येक ग्राहकाला तोच करार आपोआप जात असेल, तर हे कलम एकाही ऑर्डरमध्ये सुटत नाही.

‘जीएसटी शेवटच्या बिलावर बघू.’ हाही महागात पडणारा समज. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की सेवा देणाऱ्याला नोंदणी करावी लागते, फोटोग्राफीवर दर १८ टक्के आहे आणि सेवांच्या बाबतीत ॲडव्हान्स हातात आल्यावरच कराची जबाबदारी सुरू होते. त्या ॲडव्हान्ससाठी रिसीट व्हाउचर द्यावं लागतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे व्हाउचर नव्हे. बिलिंगचं साधं सॉफ्टवेअर हे काम मिनिटात करतं.

‘फोटो ड्राइव्हवर सिंक होतात, म्हणजे बॅकअप झाला.’ सिंक केलेल्या फोल्डरमधून घाईत काही पुसलं तर ते सगळीकडून पुसलं जातं आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचं जातं. अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. कार्ड उतरवताना दोन डिस्कवर एकदम कॉपी करणारं सॉफ्टवेअर लावणं ही या धंद्यातली सगळ्यात उपयोगी स्वयंचलित सोय आहे.

‘एआय आता फोटो निवडतं, माणूस लागत नाही.’ धूसर, दुहेरी, डोळे मिटलेले फोटो बाजूला काढण्यात ही सॉफ्टवेअर्स तरबेज झाली आहेत आणि त्यांनी रात्रीच्या रात्री वाचवल्या आहेत. पण मंगलाष्टकं चालू असताना हात जोडून डोळे मिटलेली आई त्यांना बिघडलेला फोटो वाटू शकते, आणि मागे पुसटसा दिसणारा माणूस वीस वर्षांनी घरी आलेला मामा आहे हे त्यांना कळत नाही. बाजूला काढलेल्यांवरून एकदा माणसाची नजर फिरलीच पाहिजे. चेहरा ओळखून पाहुण्यांना त्यांचे फोटो पाठवणाऱ्या सोयी वापरताना संमतीचा मजकूर आधी दाखवावा. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ मध्येच केला आहे आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते.

आणि ‘एकदा बसवलं की बघावं लागत नाही’ असं कुणी सांगत असेल, तर दर बदलल्यावर जुनंच कोटेशन महिनाभर जात राहिलेल्या एखाद्या स्टुडिओत त्यानं चौकशी करावी. महिन्यातून एकदा स्वतःच्याच नंबरवर चौकशी पाठवून काय उत्तर येतं ते पाहावं.

चातुर्मासात लग्नं थांबतात, हात मोकळे असतात. सगळं एकदम करायची गरज नाही. चौकशीचं पहिलं उत्तर, ॲडव्हान्सची पावती आणि सिलेक्शनची आठवण ही तीन कामं तेवढ्यात बसवून घ्यावीत, मजकूर घरातल्या वडीलधाऱ्याला वाचून दाखवावा आणि करारात कॉपीराइटचं कलम घालावं. पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी एवढं होऊ शकतं.