आडनावातले गाव, पडद्यावरची आई

तमाशा कलावतीच्या नावापुढे पुष्कळदा घराण्याचे आडनाव नसते, गाव असते. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा ‘हिवरगावकर’ झाली, विठाबाई ‘नारायणगावकर’ झाल्या. मधु कांबीकर या नावातूनही शेवगाव तालुक्यातील कांबी ऐकू येते.

लावणी घेऊन पडद्यावर आलेल्या अभिनेत्रीसाठी मराठी चित्रपटाने एक जागा ठरवून ठेवली होती: फडावरची नर्तकी. तिने नायकाला भुलवायचे आणि शेवटी तो घरी परतला की फडावरच राहायचे. कांबीकरांची कारकीर्द अभ्यासावी, ती त्या या जागेत अडकून पडल्या नाहीत म्हणून.

‘शापित’ (1982) हा राजदत्त आणि अरविंद देशपांडे यांचा चित्रपट ग्रामीण शोषणाचा. त्यात यशवंत दत्त यांच्यासमवेत त्यांना मध्यवर्ती भूमिका मिळाली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला.

दहा वर्षांनी जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये (1992) त्या पुन्हा फडावर दिसल्या, पण आता गोष्ट तिथून सुरू होत होती. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या या चित्रपटातील मंजुळा ही आबुरावची आई. इनामदाराशी तिचे नाते आहे, पण त्याच्या घरात तिला स्थान नाही. जुन्या तमाशापटांनी नायक घरी गेल्यावर जिला विसरायचे, तिचे पुढे काय झाले हे येथे दिसते. याच चित्रपटातील नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लावणीची अदा ही विचारपूर्वक केलेली रचना असते, याला मिळालेली ती दाद होती.

लगेच 1993 मध्ये ‘झपाटलेला’ आला. त्यातही कांबीकर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याच आई झाल्या, पण येथे घुंगरू नाहीत, साधे घर आहे. बेर्डे यांचा जन्म 1954चा. ही आई त्यांच्याच पिढीतली. नायिकेला लवकर आई करण्याची आपल्या चित्रपटसृष्टीची सवय यात दिसते. तरी दोन्ही आया परस्परांची नक्कल वाटत नाहीत, हे श्रेय अभिनेत्रीचे.

घरंदाज भूमिका मिळाल्या म्हणून त्यांनी लावणी मात्र मागे टाकली नाही. ‘सखी माझी लावणी’ या कार्यक्रमातून ती त्यांनी रंगमंचावर सन्मानाने मांडली. त्यांची नोंद केवळ ‘चरित्र अभिनेत्री’ अशी करणे म्हणूनच अपुरे आहे. फड आणि घर ही दोन्ही दारे त्यांनी आपल्या अभिनयात उघडी ठेवली.