‘एम-थ्री निघाला का बे?’ इंजिनिअरिंगच्या पोरांना रडवणारं हे गणित नेमकं लागतं तरी कशाला?

नागपुरात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचा पोरगा दिसला की सीनियर लोक ‘कसा आहेस’ नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एम-थ्री निघाला का बे?’

एम-थ्री म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. कॉलेजनुसार त्याचं नाव आणि युनिट थोडेफार बदलतात. पण इलेक्ट्रिकल असो, इलेक्ट्रॉनिक्स असो की कॉम्प्युटर, पाहुणे तेच असतात. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिये, झेड ट्रान्सफॉर्म, कॉम्प्लेक्स नंबर्स आणि मॅट्रिक्स.

मी स्वतः मास कॉमवाला. पण बजाज नगरच्या रूमवर माझा पार्टनर इलेक्ट्रिकलचा होता. टेबलावर ग्रेवाल आणि वर्तीकरांचं जाडजूड पुस्तक, भिंतीवर फॉर्म्युल्यांचे कागद. तरीही त्याची एम-थ्रीची बॅक दोनदा राहिली. तिसऱ्यांदा पेपर निघाला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘पास झालो यार, पण हे सगळं कशासाठी केलं, ते अजून समजलं नाही.’

त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो, त्यातूनच हा लेख झाला.

अख्ख्या एम-थ्रीमध्ये आयडिया एकच आहे

समजा तुम्हाला वर्धा रोडवरून कामठी रोडला जायचंय. सरळ रस्ता बर्डीतून जातो. पण तिथे सिग्नल, गर्दी, ऑटो. मग तुम्ही छत्रपती चौकातून रिंग रोड पकडता आणि ऑटोमोटिव्ह चौकात कामठी रोडला लागता. अंतर वाढतं, पण डोक्याचा ताप वाचतो.

ट्रान्सफॉर्म म्हणजे हाच रिंग रोड. अवघड गणित आहे त्या जागी सोडवायचं नाही. ते दुसऱ्या जगात न्यायचं, तिथे सोप्या पद्धतीने सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं.

आता लाप्लास घ्या. सर्किटमध्ये कॅपॅसिटर असला की स्विच दाबताच व्होल्टेज एकदम चढत नाही, हळूहळू चढतं. ठरावीक वेळात ते ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतं आणि त्याच्या पाचपट वेळात ९९ टक्क्यांच्या वर जातं. हा बदल मांडायला डिफरन्शियल इक्वेशन लागतं. लाप्लास काय करतो, तर ‘बदलाचा वेग काढा’ या क्रियेच्या जागी ‘एस या अक्षराने गुणा’ एवढंच ठेवतो. कॅल्क्युलसचं होतं नववीतलं बीजगणित.

पण ही शक्कल आली कुठून?

नाव फ्रेंच गणिती लाप्लास यांचं, पण सर्किटसाठी अशा पद्धतीचा धडाक्यात वापर केला तो ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसाने. १८५० सालचा जन्म, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, नोकरी टेलिग्राफ कंपनीत. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या या माणसाने गणित स्वतःच शिकून घेतलं.

तारेतून जाणारे सिग्नल समजून घ्यायला त्याने स्वतःची पद्धत काढली. उत्तरं बरोबर यायची, पण ती का येतात याची नीट सिद्धता नव्हती. त्यामुळे तेव्हाचे गणिती त्याच्यावर वैतागलेले असायचे. पुढे इतरांनी त्या पद्धतीला पक्का पाया दिला आणि तो देताना लाप्लासचं गणित कामी आलं.

म्हणजे आधी काम अडलं, मग गणित आलं. पेपरमध्ये मात्र आधी फॉर्म्युला येतो आणि काम बहुतेक वेळा येतच नाही.

३ आणि ४ मिळून ५ कसे होतात?

शाळेत उणे एकचं वर्गमूळ काढता येत नाही असं शिकवतात आणि इंजिनिअरिंगमध्ये त्यावरच पेपर असतो. गणितवाले त्याला ‘आय’ म्हणतात. इलेक्ट्रिकलवाले ‘जे’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे ‘आय’ हे अक्षर करंटने आधीच अडवून ठेवलंय.

एका कॉइलचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि रिअॅक्टन्स ४ ओहम आहे. एकूण अडथळा किती? ७ नाही, ५ ओहम. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. या दोन अडथळ्यांवरच्या व्होल्टेजची शिखरं एकाच वेळी येत नाहीत, त्यांच्यात पाव हेलकाव्याचं, म्हणजे ५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणून ते सरळ बेरजेने नाही, काटकोनात मिळतात. इथे पायथागोरस कामाला येतो.

ही काटकोनातली बेरीज कॉम्प्लेक्स नंबर आपोआप सांभाळतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत एसी सर्किटसाठी ही पद्धत मांडली आणि इंजिनिअर लोकांची पानंच्या पानं वाचली. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत पॉवर फॅक्टर सुधारायला कॅपॅसिटर बँक बसवतात, त्यामागचा हिशेब हाच. तो चुकला की विजेच्या बिलात दिसतो.

कोराडीपासून ग्रिडपर्यंत

आता थोडं मोठं चित्र बघू. कोराडीतल्या ६६० मेगावॅटच्या जनरेटरचा रोटर मिनिटाला ३००० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला ५०, म्हणूनच ५० हर्ट्झ. ग्रिडला जोडलेली सगळी जनरेटर एकमेकांशी ताल धरून चालावी लागतात. मोठी लाइन अचानक तुटली की हा ताल डगमगतो.

मग प्रश्न येतो, हे डगमगणं झोक्यासारखं हळूहळू थांबेल की वाढत जाईल? याचं उत्तर लाप्लासच्या ‘एस’मध्ये असतं. इक्वेशनची उत्तरं, म्हणजे ‘पोल’, आलेखाच्या डाव्या बाजूला पडले तर हेलकावे शमतात. एक जरी उजवीकडे गेला, तर ते वाढत जातात. प्रश्न मोठा असला की हेच पोल मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू म्हणून काढतात.

ग्रिडचा तोल गेला की काय होतं, ते ३१ जुलै २०१२ ला देशाने पाहिलं. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं, सुमारे ६० कोटी लोकांच्या भागाला फटका बसला. पश्चिम ग्रिड टिकलं आणि आपलं नागपूर त्यातच येतं. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं आणि देशभर एकच ताल सुरू झाला. तो रोज सांभाळणाऱ्या इंजिनिअरांनी कधीतरी एम-थ्रीचाच पेपर दिलेला असतो.

कॉम्प्युटरवाल्यांनी काय पाप केलंय?

‘आम्हाला कोडिंग करायचंय, आम्हाला हे कशाला?’ हा कॉम्प्युटरवाल्यांचा आवडता प्रश्न.

कॉम्प्युटरला सलग आवाज कळत नाही, त्याला आकडे लागतात. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. अशा तुटक आकड्यांसाठी लाप्लासचा जो भाऊ आहे, तो झेड ट्रान्सफॉर्म.

फूरिये त्याच आवाजातले वेगवेगळे सूर सुटे करतो. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी त्याची झटपट पद्धत मांडली. १०२४ आकड्यांसाठी आधी साधारण १० लाख गुणाकार लागायचे, ते काम १० हजारांच्या आसपास आलं. फोरजी-फाइव्हजीचा सिग्नल आज याच पद्धतीवर चालतो. त्याच कुटुंबातला कोसाइन ट्रान्सफॉर्म १९७४ मध्ये बंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तुमच्या मोबाइलमधला जेपेग फोटो छोटा होतो तो त्याच्यामुळे.

आणि ज्या एआयमागे सगळे धावतायत, त्याच्या पोटात काय आहे? मॅट्रिक्सचे गुणाकार.

मग चुकतं कुठे?

एम-थ्री रट्टा मारून निघू शकतो. खरी अडचण पुढे येते. ज्या लाप्लासला राम राम ठोकला, तोच कंट्रोल सिस्टीममध्ये परत दारात उभा राहतो. फूरिये आणि झेड सिग्नलच्या विषयात भेटतात. पाया पाठांतराचा असला की तिथे एक बॅक दुसरीला बोलावते. बरीच पोरं मग ‘आपल्याला गणित जमतच नाही’ असं मानून मोकळी होतात. खरं तर अनेकदा त्यांना फक्त रस्ता दाखवलेला असतो, गाव सांगितलेलं नसतं.

यावर उपाय महागडा नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. सायलॅब किंवा पायथनमध्ये एका गाण्याचा फूरिये काढून बघा. किंवा एखादं गणित सुटलं की त्या उत्तराचा आलेख काढा आणि स्वतःला विचारा, सर्किटमध्ये नेमकं काय झालं? मास्तरांनाही बिनधास्त विचारा, ‘सर, हे कुठे वापरतात?’

माझ्या पार्टनरला त्याचं उत्तर फायनल इयरला मिळालं. लॅबमध्ये मोटरचा वेग स्थिर राहत नव्हता, सारखा वरखाली होत होता. त्याने कागदावर पोल काढले, गेन कमी केला आणि मोटर शांत झाली. त्या रात्री रूमवर आल्यावर त्याने ते जुनं पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी परीक्षा नव्हती.