पिवळी हळद, पांढरे दात?

पांढऱ्या रश्शात चमचाभर हळद टाकू का, असं कोल्हापुरात कुणाला विचारून बघा. मार खाल! नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू घालून जपलेला रंग एका चमच्यात पिवळा होईल. आणि तरी घरोघरच्या आज्या सांगतात, "हळद, मीठ नि तेल बोटावर घे, दात घास. पांढरेशुभ्र होतील बघ!"

आता बोला. बोटं, टॉवेल, ओटा सगळं पिवळं करणारी ही बया दातच तेवढे पांढरे कसे करणार?

हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली आहे. तिथं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, म्हणजे हळद, एवढी उधळतात की माणसं, ढोल, रस्ते सगळंच पिवळंधमक. घरी येऊन अंघोळ केली की अंगावरचा रंग बराचसा जातो. सदऱ्याचा मात्र कितीही धुतला तरी हटत नाही. हा उद्योग कर्क्युमिनचा. हळदीतला हा रंग १८१५ साली फोगेल आणि पेलेटिये यांनी पहिल्यांदा वेगळा काढला. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात मात्र विरघळतो. सुती धाग्यात घुसला की तिथंच ठाण मांडतो.

दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ! ते गुळगुळीत असल्यामुळे खळखळून चूळ भरली की बरीचशी हळद निघून जाते. दातांना तारा लावलेली ताई असेल तर तिला विचारा. कोल्हापुरी जेवणातल्या हळदीनं तिच्या तारांवरची फिकट रबरं मात्र हमखास पिवळी पडतात.

मग आजी खोटं बोलते का? छे! बोटानं पूड घासली की दातांवरचा चहाचा डाग, चिकट थर थोडा खरवडला जातो, दात उजळ दिसतात. पण ही कमाल घासण्याची, हळदीच्या रंगाची नव्हे. हळदीच्या पाण्यानं चूळ भरल्यावर हिरड्यांची सूज कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलंय, म्हणजे हळद अगदीच रिकामटेकडी नाही. दात पांढरे करते याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

आणि गंमत ऐका. एनॅमलच्या आत डेंटिन असतं, ते मुळातच पिवळसर. जोर लावून खसाखसा घासलं तर एनॅमल झिजतं आणि आतला पिवळेपणा जास्तच दिसू लागतो. झिजलेलं एनॅमल परत उगवत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून साधा मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट बरी. यात्रेतला भंडारा तर तोंडात मुळीच घालू नका. त्यात कसला रंग मिसळलाय, कुणास ठाऊक.

हळदीची जादूच बघायची असेल तर जुन्या पांढऱ्या फडक्यावर बघा. हळदीच्या डागावर कपड्याचा ओला साबण चोळा. साबणातल्या क्षारानं डाग लालबुंद! अंबाबाईच्या देवळाबाहेर कुंकवाचे ढीग दिसतात ना? पारंपरिक कुंकू असंच, हळदीला क्षार लावून लाल करतात. आता त्या लाल डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. मग फडकं धुऊन कडक उन्हात वाळत घाला. साबणाला दाद न देणारा तो डाग ऊन हळूहळू फिका करतं, कारण उजेडात कर्क्युमिन मोडतं.