चार स्प्रिंगा, दोन जोड्या

विंचूरला लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आहे. नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या या गावात कांद्याने भरलेल्या पिकअप रोजच्या. त्यातल्या कुठल्याही गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकून पाहिलं, तर एकावर एक बसवलेले पोलादी पाटे दिसतात. हे पाटे पुढचे की मागचे, असा प्रश्न कोणाला पडत नाही. प्रश्न पडतो तो कारवाल्याला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडून सस्पेन्शनचा जुना सेट येतो, पोतं मोकळं केलं की चार काळ्या कॉईल स्प्रिंगा बाहेर पडतात. पुढच्या दोन कोणत्या हे सांगायला ज्याने त्या सोडवल्या तो माणूस तिथे नसतो.

पूर्वी हा घोळ फारसा नव्हता. कुर्ल्यातच तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉईल आणि मागे पाटे असत. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८०० लाही मागे पाटेच होते. १९८६ च्या नव्या मॉडेलमध्ये मागेही कॉईल आली. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून २००० साली बाहेर पडलेल्या बोलेरोने पुढे कॉईल, मागे पाटे ही जुनी रीत पुढे चालवली. पण अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा ज्या गाड्यांनी रस्ते भरले, त्यांच्या चारही चाकांवर कॉईल आहे.

गॅरेजमध्ये चटकन मिळणारं उत्तर असं: इंजिन पुढे, वजन पुढे, म्हणून जाड स्प्रिंग पुढची. ऐकायला पटतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या रिकाम्या छोट्या कारचं साधारण साठ टक्के वजन पुढे असतं, हेही खरं. तरीही हा ठोकताळा धोक्याचा आहे, कारण मागच्या स्प्रिंगचं काम वेगळं. पुढचं ओझं फारसं बदलत नाही. मागे मात्र कधी कोणीच नसतं, तर कधी तिघं बसतात आणि डिकीत कांद्याच्या गोण्याही असतात. शिवाय पुढची स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे तिला पेलणाऱ्या शॉकअब्सॉर्बरवर, चाकाच्या अगदी जवळ बसते. मागची पुष्कळदा चाकापासून आत, अ‍ॅक्सलच्या बीमवर किंवा आर्मवर असते. जागा जितकी आत, तितकी तेवढंच वजन तोलायला ती कडक लागते.

स्प्रिंगचा कडकपणा नुसत्या नजरेला कळतही नाही. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरची तार तेरा केली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. उलट वेढ्याचा व्यास वाढला की ती मऊ पडते, काम करणारे वेढे वाढले तरीही मऊच. म्हणजे उंच आणि जाड स्प्रिंग आखूड आणि बारीक स्प्रिंगपेक्षा नरम असू शकते. हातात तोलून किंवा उंची बघून निकाल द्यायचा नाही, तो यासाठी.

मग बघायचं काय? आधी जोड्या लावायच्या. सपाट फरशीवर चारही उभ्या करून उंची मापावी, वेढे मोजावेत, व्हर्नियरने तारेची जाडी घ्यावी. यात एक मेख आहे. जुनी स्प्रिंग अनेकदा अगदी शेवटच्या वेढ्यात, गंज धरलेल्या जागी तुटते आणि तुकडा रस्त्यात पडून जातो. ती आखूड दिसते, म्हणून ती वेगळ्या जागची असं वाटतं. कारखान्यात कापलेलं टोक स्वच्छ असतं, त्यावर रंगाचा थर असतो. तुटलेलं टोक खडबडीत आणि गंजकं. असली स्प्रिंग पुढचीही नाही आणि मागचीही नाही, ती भंगारातलीच.

जोड्या लागल्या की टोकं बघायची. खरी ओळख तिथे आहे. पुढच्या स्प्रिंगच्या मधून स्ट्रट जातो, त्यामुळे तिचं पोट आणि दोन्ही तोंडं त्याला वाट देण्याइतकी रुंद हवीतच. तिचं खालचं टोक स्ट्रटच्या थाळीतल्या पायरीला टेकतं. अल्टो, स्विफ्टसारख्या गाड्यांत मागचा शॉकअब्सॉर्बर स्प्रिंगपासून वेगळा, बाजूला लावलेला असतो. मागच्या स्प्रिंगमधून काहीच जायचं नसतं, म्हणून तिची तोंडं निमुळती करण्याची मुभा असते: कधी शेवटचा वेढा आत वळवून लहान केलेला, कधी मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे अरुंद असा पिंपासारखा आकार. जिच्या तोंडातून स्ट्रट जाणारच नाही ती या गाड्यांत पुढे बसूच शकत नाही. एवढी एक कसोटी बहुतेक वाद मिटवते.

सगळे नाही. मारुती एस्टीमला पुढेमागे दोन्हीकडे स्ट्रटच आहेत. टाटा इंडिकातही मागची स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरवरच चढवलेली असते. अशा गाड्यांत आकारावर न थांबता आकड्यांकडे वळावं. तारेचा रंग ओल्या फडक्याने हळू पुसला, घासला नाही, तर छापलेला क्रमांक अनेकदा सापडतो. टोयोटाच्या क्रमांकाची सुरुवात ४८१३१ असेल तर स्प्रिंग पुढची, ४८२३१ असेल तर मागची. होंडाच्या बाबतीत ५१४०१ पुढची आणि ५२४४१ मागची. गाडी खाली बसवण्यासाठी मिळणाऱ्या आयबाख किंवा एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगांवर रोमन लिपीत ‘व्हीए’ म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल आणि ‘एचए’ म्हणजे मागचा. रंगाचे ठिपके मात्र बहुधा वजनाचा वर्ग सांगतात, जागा नव्हे. त्यांच्यावरून पुढची-मागची ठरवू नये.

चुकीची जोडी कशीबशी बसलीच तर भोग गाडी भोगते. स्प्रिंग पायरीवरून सरकून खडखडते, टायरला घासू शकते. पुढचं तोंड खाली गेलं की ब्रेक मारताना गाडी जास्तच वाकते. वर राहिलं तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मारुतीच्या अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या मागच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागे भलती स्प्रिंग आली की त्याचा अंदाज चुकतो आणि मागचे ब्रेक कमी किंवा जास्त लागतात. ‘चालतंय ना, मग झालं’ हे उत्तर इथे चालणार नाही.

तितकंच गंभीर काम स्प्रिंग उतरवण्याचं. स्ट्रटमधली स्प्रिंग चाक काढल्यावरही दाबलेलीच असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता वरचं नट सोडलं तर ती उसळून हात, जबडा, डोळा काहीही फोडू शकते. उंची जुळवायला गॅस कटरने वेढा कापणंही तितकंच वाईट: तापल्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे कधीतरी त्याच जागी मोडते.

सेट घेताना विकणाऱ्याला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन पेट्रोल की डिझेल हे विचारून घ्यावं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे एकाच मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. आणि गॅरेजवाल्यांना एक विनंती: स्प्रिंग गाडीतून निघाली की त्याच क्षणी ऑईल पेंटने तिच्यावर ‘पुढची डावी’, ‘मागची उजवी’ असं लिहून टाका.