शेजाऱ्यांचं ऊन

डब्लिनच्या अविवा स्टेडियमचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट सोडलंय. दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना चार-चार थरांची प्रेक्षागृहं उभी आहेत, सुमारे 50 मीटर उंच. उत्तरेला आल्यावर मात्र इमारत एकाएकी बसकण मारते. तिथे खुर्च्यांचा एकच बुटका थर आणि मागे पारदर्शक भिंत. पैसे संपले म्हणून हे झालेलं नाही. त्या भिंतीपलीकडे हॅवलॉक स्क्वेअर ही एकमेकांना चिकटून बांधलेल्या लहान घरांची वस्ती आहे. तिथल्या परसदारी येणारं ऊन अडू नये, म्हणून 41 कोटी युरोंच्या या वास्तूने उत्तरेकडे मान तुकवली आहे.

ऊन म्हणजे किती, हे मुंबई-पुण्यात बसून चटकन लक्षात येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस डब्लिनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो. 50 मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा 200 मीटरच्या पुढे जाते. मुंबईत त्याच दिवशी, माध्यान्हीला, ती 45 मीटरच्या आसपास असते. तिकडे दक्षिणेला उंच काही उभं राहिलं, की उत्तरेच्या घरांचा अख्खा हिवाळा अंधारात जातो. त्यामुळे स्टेडियमचा आराखडा नगरपालिकेपुढे गेला तेव्हा रहिवाशांच्या हरकती आल्या, प्रकरण वरच्या नियोजन मंडळापर्यंत गेलं, तिथे सुनावण्या झाल्या आणि 2007 मध्ये हिरवा कंदील मिळाला. आपल्याकडे ‘पुनर्विकास’ म्हटलं की शेजारच्या चाळीला पहिल्या दिवसापासून सावलीत राहायची सवय करून घ्यावी लागते. तिकडेही कुणी उदार झालं नव्हतं. घासाघीस झाली, आणि ती इमारतीच्या आकारात कायमची दिसते.

मुळात ही जागाच अडचणीतून मिळालेली. हेन्री डनलॉप हा ट्रिनिटी कॉलेजचा इंजिनियर, धावण्याच्या शर्यतींचं त्याला वेड. कॉलेजच्या आवारात स्पर्धा भरवायला मनाई झाली, तेव्हा त्याने 1872 मध्ये पेम्ब्रोक इस्टेटकडून डॉडर नदी आणि रेल्वेच्या रुळांमधली सखल जमीन वर्षाला 60 पौंड भाड्याने घेतली. रुळांखालच्या चरातली सुमारे 300 गाड्या माती आणून टाकली आणि जमीन उचलली. तिथे धावपट्टी झाली, क्रिकेट झालं, टेनिस झालं, तिरंदाजी झाली; रग्बी त्यातलंच एक. तीनच वर्षांनी मुंबईत बॉम्बे जिमखाना निघाला, तोही असाच, अनेक खेळांना एका आवारात घेणारा. लॅन्सडाउन रोडवर, म्हणजे डनलॉपच्या या मैदानावर, मात्र रग्बीने हळूहळू सगळ्यांना बाहेर काढलं. 11 मार्च 1878 रोजी इथे आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यात आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. पाडलं गेलं तेव्हा हे जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी मैदानांपैकी एक होतं.

जुन्या मैदानाबद्दल डब्लिनकर हळवे होतात, पण त्याची शेवटची वर्षं बरी नव्हती. पश्चिमेच्या स्टँडखालून लोकल धडधडत जायची. दोन्ही टोकांना उभं राहून सामना पाहायच्या पायऱ्या होत्या. रग्बीला तिथे सुमारे 49,000 लोक मावत. फुटबॉलच्या अधिकृत सामन्यांना प्रेक्षक बसलेलेच हवेत, असा नियम आल्यावर त्याच पायऱ्यांवर तात्पुरत्या खुर्च्या मांडल्या जात आणि संख्या 36,000 वर यायची. म्हणजे एकाच मैदानाची क्षमता खेळाप्रमाणे बदलायची. 15 फेब्रुवारी 1995 रोजी इंग्लंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात पाहुण्या प्रेक्षकांनी वरच्या स्टँडमधलं लाकूडसामान उखडून खाली भिरकावलं आणि सामना 27 मिनिटांत थांबवावा लागला. गुंड बाहेरचे होते हे खरं, पण उखडून हातात येईल असं सामान ठेवणारा स्टँडही जुनाटच होता.

बरं, नवं स्टेडियम इथेच बांधायचं हे आधी कुठे ठरलं होतं? तेव्हाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांना शहराबाहेर अ‍ॅबट्सटाउनला भलंमोठं राष्ट्रीय स्टेडियम हवं होतं. लोकांनी त्याला ‘बर्टी बोल’ असं नाव ठेवलं, आणि खर्चाच्या वादात ते बारगळलं. मग 2004 मध्ये सरकारने 19.1 कोटी युरो लॅन्सडाउन रोडसाठी देऊ केले. उरलेले रग्बी आणि फुटबॉल या दोन संघटनांनी मिळून उभारायचे.

बांधकामाच्या काळात संघ खेळणार कुठे, हा प्रश्न इंजिनियरांच्या हातचा नव्हता. शहरात दुसरं मोठं मैदान एकच, क्रोक पार्क, 82,000 प्रेक्षकांचं. ते आयर्लंडच्या पारंपरिक गेलिक खेळांच्या संघटनेचं, आणि तिथे ‘परकीय’ खेळांना बंदी. ही बंदी नुसत्या अभिमानापोटी नव्हती. 21 नोव्हेंबर 1920 रोजी ब्रिटिश दलांनी याच मैदानात गोळीबार करून 14 जणांचा बळी घेतला होता. त्यात एक खेळाडूही होता, मायकेल होगन. 2005 मध्ये संघटनेने मतदानाने नियम शिथिल केला. 24 फेब्रुवारी 2007 रोजी इंग्लंडचा रग्बी संघ तिथे उतरला आणि ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजलं. काय होईल याची देशभर धाकधूक होती. लोक उभे राहिले, गीत संपेपर्यंत कुणी हुर्यो केली नाही, आणि मग आयर्लंडने इंग्लंडला 43-13 असं धुतलं. एका जुन्या मैदानाच्या पुनर्बांधणीने जे घडवलं, ते कुणा राजकारण्याला जमलं असतं असं वाटत नाही.

तिकडे लॅन्सडाउन रोडवर मे 2007 पासून पाडकाम सुरू झालं. पॉप्युलस आणि स्कॉट टॅलन वॉकर या वास्तुविशारद संस्थांपुढे अडचणींची रांगच होती: पूर्वेला नदी, पश्चिमेला रेल्वे, उत्तरेला घरं. त्यांनी सरळ भिंतींचा नाद सोडला. संगणकावर अख्ख्या इमारतीचं एकच प्रारूप केलं. त्यातला एक वक्र हलवला की त्यावर बेतलेली सगळी मापं आपोआप बदलत. तेच प्रारूप ब्युरो हॅपल्डच्या स्थापत्य अभियंत्यांनीही वापरलं. बाहेरचं आवरण पॉलिकार्बोनेटच्या हजारो पट्ट्यांचं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक चढवलेलं. हवा खेळती हवी तिथे पट्ट्या अधिक उघड्या, बाकी ठिकाणी मिटलेल्या. आवरण पारदर्शक असल्याने आभाळाचा रंग त्यात उतरतो आणि इमारत आहे त्यापेक्षा हलकी वाटते. 14 मे 2010 रोजी उद्घाटन झालं, 51,700 खुर्च्यांसह. नाव विमा कंपनीचं आलं. सामन्याला निघालेले जुने लोक अजूनही ‘लॅन्सडाउन रोडला जातोय’ असंच म्हणतात.

शेजाऱ्यांच्या उन्हाची काळजी घेतली गेली, पण खुद्द मैदानाचं काय? दक्षिणेचं उंच प्रेक्षागृह तसंच आहे आणि त्याची सावली हिवाळ्यात जवळजवळ सगळ्या गवतावर पडते. रग्बीची सहा देशांची स्पर्धा नेमकी फेब्रुवारी-मार्चमधली. छतातून झिरपणारा उजेड पुरत नाही, म्हणून चाकांच्या लांब चौकटींवर दिवे लावून त्या गवतावरून फिरवतात. हॅवलॉक स्क्वेअरचं ऊन वाचलं. मैदानाला ते विजेचं बिल भरून विकत घ्यावं लागतं.

बिलं आणखीही होती. फुटबॉल संघटनेने आपला वाटा फेडण्यासाठी दहा वर्षांची, हजारो युरोंची खास तिकिटं काढली आणि तेवढ्यात 2008 ची मंदी आली. तिकिटं पडून राहिली, कर्ज फुगलं. पुढे कारभाराचे इतर घोळ त्यात मिळाले आणि 2020 मध्ये सरकारला त्या संघटनेला सावरावं लागलं. रग्बीवाले त्या मानाने सुखरूप निघाले. 18 मार्च 2023 रोजी इथेच इंग्लंडला 29-16 असं हरवून आयर्लंडने सहा देशांच्या स्पर्धेतला ग्रँड स्लॅम, म्हणजे सगळे सामने जिंकण्याचा मान, पुरा केला, डब्लिनमध्ये पहिल्यांदाच. 2024 च्या जूनमध्ये टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रमही याच गवतावर झाले.

सराव मात्र इथे फारसा होत नाही. एवढं नाजूक, दिव्यांवर वाढवलेलं गवत रोज कोण तुडवू देईल? सामन्याच्या आदल्या दिवशी संघ येऊन हलका सराव करतो, तेवढंच. खरी मेहनत चालते ती शहराबाहेरच्या राष्ट्रीय क्रीडा संकुलात. तिथे रग्बी संघटनेचं स्वतःचं सराव केंद्र आहे. ते संकुल आहे अ‍ॅबट्सटाउनला, म्हणजे बर्टी अहर्न यांचं स्टेडियम जिथे व्हायचं राहिलं, तिथेच. आणि डनलॉपच्या काळातला लॅन्सडाउन क्लब अजून जुन्याच पत्त्यावर आहे. स्टेडियमला लागून असलेल्या मागच्या मैदानावर त्याचे साखळी सामने होतात.