मॅसिलॉनचें क्रीडांगण

एखाद्या गांवाचा इतिहास जाणून घ्यावयाचा असला म्हणजे आपण तेथील देवालय, पेठ, नदीचा घाट आणि जुने वाडे पाहतों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत मॅसिलॉन नांवाचें एक गांव आहे. त्याचा इतिहास मात्र हायस्कुलाच्या फुटबॉलच्या मैदानावर वाचावा लागतो. २०२० च्या शिरगणतींत या गांवची वस्ती सुमारें ३२,००० भरली. आणि शाळेच्या मैदानाभोंवतीं बसण्याची सोय आहे १६,००० हून अधिक माणसांची! म्हणजे निम्में गांव एकाच वेळीं शाळेच्या मुलांचा खेळ पाहूं शकतें. शाळेच्या मैदानाचा हा एवढा पसारा कशासाठीं, त्यापासून गांवाचें हित काय झालें, आणि त्याचें मोल कोणीं दिलें, हे प्रश्न ज्यांच्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्या सर्वांनीं विचारांत घेण्यासारखे आहेत.

आधीं या खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुख्यतः पायानें खेळावयाचा जो फुटबॉल आपणांस ठाऊक आहे, तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो हातांत घेऊन धांवावें किंवा सहकाऱ्याकडे फेंकावा अशी रीत आहे. दोन्हीकडे अकरा अकरा गडी असतात. मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह १२० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिनें चार खेपांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. नाहींतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. गडी एकमेकांच्या अंगावर वेगानें आदळतात, म्हणून शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या घालूनच ते मैदानांत उतरतात. बळ, चपळाई आणि आधीं ठरविलेली व्यूहरचना या तिहींचा हा खेळ आहे.

मॅसिलॉन गांव १८२६ सालीं वसलें. ओहायो व ईरी कालव्याच्या कांठीं असल्यामुळें तें आरंभीं धान्याची बाजारपेठ होतें. पुढें आगगाडी आली, कोळशाच्या खाणी निघाल्या आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. १८९४ सालीं येथें दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीं देशांत मोठी मंदी होती. मॅसिलॉन येथील जेकब कॉक्सी नांवाच्या एका खाणमालकानें बेकार लोकांचा तांडा जमविला आणि तो पायीं राजधानी वॉशिंग्टन येथें नेला. सरकारनें रस्ते बांधण्यासारखीं लोकोपयोगी कामें काढून बेकारांस मजुरी द्यावी, एवढेंच त्याचें मागणें होतें. तें कोणीं ऐकलें तर नाहींच. उलट कायदेमंडळाच्या प्रासादापुढील हिरवळीवर पाऊल टाकल्याबद्दल कॉक्सीस पकडून बंदिवासांत टाकण्यांत आलें. त्याच वर्षीं मॅसिलॉनच्या शाळकरी मुलांचा आठ मैलांवरील कँटन गांवच्या मुलांशीं फुटबॉलचा पहिला सामना झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें त्या दिवशीं कोणाच्या मनांतही आलें नसेल. परंतु पंचेचाळीस वर्षांनीं त्या एका ठिकाणीं आल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभीं गांवांत ‘टायगर्स’, म्हणजे वाघ, नांवाचा मोठ्या माणसांचा पैसे घेऊन खेळणारा संघ होता. तो फार वर्षें टिकला नाहीं, परंतु त्याचें नांव शाळेच्या मुलांकडे आलें तें आजतागायत चाललें आहे. १९३२ सालीं या मुलांस शिकविण्यास पॉल ब्राऊन नांवाचा तरुण मास्तर आला. तो याच शाळेचा जुना विद्यार्थी. वयाची चोविशीही अजून पुरी झालेली नव्हती. तो काळ महामंदीचा होता. शाळेच्या खेळखात्यावर कर्ज झालेलें, संघ दुबळा झालेला, आणि गांवचा नगराध्यक्ष कोण, तर तोच म्हातारा झालेला जेकब कॉक्सी!

ब्राऊनच्या पहिल्या वर्षीं संघानें पांच सामने जिंकले, चार गमावले आणि एक बरोबरींत सुटला. पुढें त्यानें जें केलें तें कोणाही शिक्षकास पटण्यासारखें आहे. हायस्कुलांत जी पद्धत शिकवावयाची तीच खालच्या शाळांतून शिकविली जाईल अशी त्यानें व्यवस्था केली. मुलगा वरच्या शाळेंत येई तो मुळाक्षरें गिरवून झालेला असा येई. मैदानावरील धडा हा वर्गांतील धड्यासारखाच नीट शिकविला पाहिजे, हें सूत्र त्यानें जन्मभर सोडलें नाहीं. या शिस्तीचें फळ नऊ वर्षांत दिसून आलें. ऐंशी विजय, आठ पराभव आणि दोन बरोबरी असा त्याचा हिशेब आहे. १९३५ ते १९४० या सहा वर्षांत मॅसिलॉननें प्रतिपक्षांवर २,३९३ गुण मिळविले आणि स्वतःवर केवळ १६८ होऊं दिले.

तेव्हां जुनें मैदान अपुरें पडूं लागलें हें ओघानेंच आलें. परंतु पैसा कोठून आणावयाचा? गांवची स्थिति तर बिकट होती. १९३७ सालीं पोलाद कारखान्यांतील संपाच्या वेळीं मॅसिलॉनमध्यें गोळीबार होऊन तीन कामगार प्राणांस मुकले. अशा वेळीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें १९३५ सालीं काढलेली लोकोपयोगी कामांची योजना उपयोगी पडली. १९४३ पर्यंत चाललेल्या या योजनेंत सुमारें ८५ लाख माणसांस काम मिळालें, आणि रस्ते, पूल, शाळा, उद्यानें अशीं असंख्य कामें झालीं. मॅसिलॉनचें क्रीडांगण त्यांपैकींच एक. १९३९ सालीं तें तयार झालें. ज्या मागणीपायीं कॉक्सी बंदिवासांत गेला, तीच मागणी सरकारी धोरण होऊन त्याच्याच गांवांत मैदानाच्या रूपानें उभी राहिली. कॉक्सी १९५१ पर्यंत जगला. म्हणजे हें त्याच्या हयातींतच घडलें.

या मैदानानें गांवास काय दिलें? प्रथम एक समाईक जागा दिली. शुक्रवारीं संध्याकाळीं कारखान्याचा मालक, मजूर, दुकानदार, मास्तर आणि पाद्री एकाच बांकांवर बसूं लागले. १९३८ सालीं जॉर्ज बर्ड नांवाच्या संगीतशिक्षकानें शाळेच्या वाद्यवृंदाची नव्यानें उभारणी केली. मध्यंतरांत तीं मुलें वाजवीत वाजवीत मैदानभर नानाविध आकृति करून दाखवूं लागलीं. त्यामुळें ज्यांच्या अंगीं आदळआपट करण्याचें बळ नाहीं, त्या मुलांसही त्या गवतावर हक्कानें पाऊल टाकतां आलें. दुसरें असें कीं, अमेरिकेंत वर्णभेद बळावलेला असतांना या मैदानावर गोरीं व काळीं मुलें एका संघांत खेळलीं. होरेस गिलम हा काळा मुलगा ब्राऊनच्या नामांकित खेळाडूंपैकीं एक होता. पुढें १९४६ सालीं ब्राऊननें क्लीव्हलंड येथें व्यावसायिक संघ उभारला, तेव्हां त्यानें बिल विलिस व मॅरियन मोटली या दोघां काळ्या खेळाडूंस घेतलें. बेसबॉलमध्यें जॅकी रॉबिन्सननें हीच भिंत फोडली ती त्यानंतर एक वर्षानें. मौज ही कीं, मोटली हा कँटनच्या शाळेचा विद्यार्थी. त्याच्या काळांत त्या शाळेनें तीनच सामने गमावले, आणि ते तिन्ही ब्राऊनच्या मॅसिलॉनकडून! प्रतिपक्षाच्या मुलाचा गुण ओळखून तो लक्षांत ठेवणें, हाही शिक्षकाचाच धर्म होय.

आतां दुसरी बाजू. ब्राऊन १९४१ सालीं ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला, पण त्यानें लावून दिलेली विजयाची चटक गांवांतून गेली नाहीं. १९७६ सालीं मैदानास त्याचें नांव देण्यांत आलें. पोलादाचा धंदा शतकाच्या उत्तरार्धांत खालावला. कारखान्याचा अभिमान गेला, आणि त्याचेंही ओझें शाळेच्या संघावर येऊन पडलें. गांवांत मुलगा जन्मला कीं, इस्पितळांतच त्याच्या पाळण्यांत एक लहानसा फुटबॉल ठेवण्याची चाल पडली. ही गोष्ट ऐकून प्रथम हंसूं येतें, मग मन किंचित् चरकतें. त्या अर्भकास अजून मान धरतां येत नाहीं, तोंच त्यानें पुढें काय व्हावें हें गांवानें ठरविलेलें असतें.

१९९९ सालच्या हंगामावर एक माहितीपट निघाला व तो २००१ सालीं प्रदर्शित झाला. त्यांत दोन गोष्टी पाहावयास मिळतात. शाळेसाठीं जादा कर द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न त्या वेळीं गांवकऱ्यांच्या मतास टाकलेला होता. आणि संघाच्या यशापयशाचा त्या मतदानावर परिणाम होईल अशी चर्चा चाललेली होती. म्हणजे गणित व विज्ञान शिकविणाऱ्यांचें वेतन सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या खांद्यांवर! दुसरी गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. अभ्यासांत मागें नसलेल्या मुलांसही कांहीं आईबाप आठव्या इयत्तेंत मुद्दाम एक वर्ष जास्त ठेवीत. हेतु हा कीं, हायस्कुलांत जाईपर्यंत मुलाची उंची व वजन वाढावें. मुलाच्या आयुष्यांतील एक वर्ष मैदानास अर्पण! पस्तीस वर्षें वर्गावर घालविलेल्या माझ्यासारख्यास तरी हा व्यवहार तोट्याचाच वाटतो. शाळेनें मैदान बाळगावें तें मुलांसाठीं. मैदानानें मुलें बाळगावीं हा क्रम उलटा झाला.

तरीही न्यायबुद्धीनें पाहिलें तर एवढें म्हटलें पाहिजे कीं, या गांवानें आपली शाळा कधीं परकी मानली नाहीं. ओहायोंत १९७२ पासून संस्थानाचें अजिंक्यपद बादफेरीच्या सामन्यांनीं ठरूं लागलें. तें मॅसिलॉनला कितीतरी वर्षें हुलकावणी देत राहिलें. अखेर २०२३ सालीं सोळापैकीं सोळा सामने जिंकून मुलांनीं तें मिळविलें. शेवटचा सामना ७ विरुद्ध २ असा अगदीं अटीतटीचा झाला. अर्धें शतक वाट पाहण्याची चिकाटी पैशानें विकत मिळत नाहीं.

आपल्याकडेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस क्रीडांगण असलें पाहिजे असें सांगितलें आहे. तेव्हां मॅसिलॉनपासून घेण्यासारखें काय, टाकण्यासारखें काय, याचा विवेक आपणही करावयास हवा. गांवानें मैदानासाठीं झीज सोसावी, खालच्या वर्गापासून नीट शिकवावें, जातवर्ण न पाहतां गुण पाहावा, हें सर्व घेण्यासारखें आहे. मोठ्यांच्या मानापमानाचें ओझें पोरांच्या शिरावर द्यावें, हें टाकण्यासारखें. आणि मैदानाची खरी पारख करावयाची ती भोंवतालचीं बांकें मोजून करूं नये. ज्या मुलाची संघांत निवड झाली नाहीं, त्यालाही त्या गवतावर मोकळेपणानें पाऊल टाकतां येतें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.