ध्वनिसंपादन : कात्रीपूर्वीचे काम

आकाशवाणी केंद्रांवर एके काळी ध्वनिमुद्रण सुधारावयाचे म्हणजे खरोखरीच हातात पाते घ्यावे लागे. सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावणारी ती तपकिरी फीत हातांनी मागेपुढे सरकवायची, नको असलेला शब्द कोठे सुरू होतो ते कानाने हेरून तेथे खूण करायची, फीत तिरपी कापायची आणि उरलेली टोके चिकटपट्टीने जोडायची. एवढी यातायात असल्याने कापण्यापूर्वी विचार होई. आज संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट डोळ्यांना दिसते, कापलेले क्षणात पूर्ववत करता येते आणि २००० साली आलेली ऑडॅसिटीसारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. तरीही अर्ध्या तासाच्या पॉडकास्टसाठी रात्र जागविणारे संपादक पुष्कळ आहेत. त्यांचे श्रम बहुधा मुद्रणाच्या वेळी केलेल्या हयगयीचे असतात.

धारगळचेच पाहावे. पेडणे तालुक्यातील या गावातून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो आणि तालुक्यातल्याच मोपा येथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आहेत. अशा गावात एखाद्या वृद्धेच्या तोंडून धालोची गीते टिपून घ्यावयाची असतील, तर ट्रकांची घरघरही सोबत येणारच. ती नंतर पुसू म्हणणे व्यर्थ होय. बाईंना सोप्यावरून आतल्या खोलीत बसवावे, पंखा बंद करावा, उघड्या भिंतीशी एखादी गोधडी टांगावी, विमान जाईपर्यंत थांबावे. ध्वनिग्राहक ओठांपासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. हे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने चढतो. महामार्गाची घरघर मात्र होती तेवढीच राहते. पैसे न खर्चता मिळणारी याहून मोठी सुधारणा दुसरी नाही. पातळी थोडी खालीच ठेवावी. कमाल मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज धड सांधता येत नाही. शेवटी कोणीही न बोलता खोलीची दहा सेकंदांची शांतता मुद्रित करावी. कापलेल्या जागी भरण्यास ती उपयोगी पडते, आणि गोंगाट कसा आहे हे आज्ञावलीला शिकविण्यासही.

मुद्रण चालू असता चूक झाली तर एक टाळी वाजवावी. लाटेत तिचा सुळका उभा राहतो आणि ती जागा शोधावी लागत नाही. मग सर्व मुद्रण एकदा, काहीही न कापता, कागद-पेन्सिल घेऊन ऐकावे. आधी अख्खे परिच्छेद गाळावे. बारीकसारीक अडखळणे त्यानंतर. जो भाग पुढे गळणारच आहे, त्यातील ‘अं’ निवडीत बसणे हा निव्वळ कालापव्यय. मूळ मुद्रण असंकुचित ‘वेव्ह’ स्वरूपात जपावे. एका वाहिनीला मिनिटाला जेमतेम पाच मेगाबाइट लागतात. ‘एमपी३’ अखेरच्या प्रतीपुरते. पॉडकास्टला उणे सोळा एलयूएफएस ही सर्वसाधारण पातळी रूढ आहे.

गोंगाट घालविताना हात आखडता असावा. ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग छाटला की ट्रकांची बरीच घरघर जाते आणि स्त्रीस्वराला धक्का लागत नाही. गोंगाट-निवारकाची मात्रा वाढविली, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्दांची मऊ शेपटे प्रथम गळतात. कोंकणीत ही हानी अर्थाची आहे. ‘बरी’ आणि ‘बरीं’ यांत भेद आहे तो केवळ अनुनासिकाचा. तोच पुसला गेला, तर लिंग आणि वचन दोन्ही बदलतात. बोललेले आपोआप लिहून देणारी व्हिस्परसारखी साधनेही २०२२ पासून उपलब्ध आहेत. मुलाखतीतील जागा शोधण्यास ती सोयीची आहेत; पण बोलीतला शब्द ती प्रमाण भाषेकडे ओढून नेण्याचा संभव असतो, म्हणून कापण्यापूर्वी कानाची साक्ष घ्यावीच.

सर्वांत जपून वापरावी ती शांतता आपोआप छाटणारी सोय. पौषातल्या रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एका रांगेने म्हटलेले दुसरी उचलून घेते. वृद्धा घरात एकटीच गात असेल आणि ओळीनंतर क्षणभर थांबली, तर त्या जागी न आलेली दुसरी रांग असते. यंत्राला ते रिकामे वाटते. तेव्हा संभाषणात दोन सेकंदांहून लांब थांबेच तेवढे आखूड करावेत, आणि गाणे सुरू होताच ती सोय बंद ठेवावी.